मुरुमाचे अंगण

(हा लेख मुरूम या खनिज पदार्थापासून केलेल्या अंगणाविषयी आहे. धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यात मुरूम नावाचे शहरही आहे.)

मुरुमाचे अंगण म्हणजे घरालगतच्या मोकळ्या जागेवर मुरूम अंथरून, ओला करून आणि धुमसून तयार केलेला घट्ट पृष्ठभाग होय. त्यात सिमेंट किंवा डांबर वापरले जात नाही. मुरुमातील जाड खडे, बारीक रेती आणि अत्यल्प चिकणमाती एकमेकांत रुतून बसल्यामुळे त्याला घट्टपणा येतो. महाराष्ट्राच्या पठारी भागात, विशेषतः मराठवाड्यातील काळ्या मातीच्या पट्ट्यात, पावसाळ्यातील चिखल टाळण्यासाठी घराचे अंगण, गोठ्यापुढील जागा, शाळेचे मैदान आणि देवळाचे आवार अशा प्रकारे तयार करण्याची पद्धत रूढ आहे. अमेरिका, जपान आदी देशांत कुजलेल्या ग्रॅनाइटपासून केल्या जाणाऱ्या अंगणाशी व पायवाटांशी ही पद्धत मिळतीजुळती आहे. मात्र दख्खनच्या पठारावरील मुरूम मुख्यतः बेसाल्टपासून बनलेला असल्याने त्याची वागणूक काही बाबतींत वेगळी असते.

पावसाळी हवामानात अशा अंगणाचे आयुष्य मुरुमाच्या कठीणपणापेक्षा पाण्याच्या निचऱ्यावर अधिक अवलंबून असते. वाहून जाणाऱ्या पावसाने पृष्ठभागाची थोडी झीज होते व ती दरवर्षी भरून काढता येते. साचून राहिलेले पाणी मात्र थराचा पायाच मऊ करते.

## संज्ञा

खडकाचे विघटन होऊन तयार झालेल्या, खडा आणि माती यांच्या मधल्या अवस्थेतील पदार्थाला मराठीत मुरूम म्हणतात. ज्या जमिनीत मातीचा थर पातळ असून खाली लगेच मुरूम लागतो, तिला मुरमाड जमीन म्हणतात. विहीर खोदताना सामान्यतः वर काळी माती, तिच्या खाली मुरूम, त्याखाली कच्चा खडक व शेवटी पक्का खडक असा क्रम आढळतो. तेलुगूत व दख्खनीत मोरम हे रूप प्रचलित आहे. पूर्व आफ्रिकेतील केनिया व युगांडा या देशांत कच्च्या रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या तांबड्या खड्याला मरम म्हणतात. तो मात्र बहुधा लॅटराइट म्हणजे जांभ्याच्या जातीचा असतो.

ग्रामीण मराठीत शेतजमिनीला काळी आणि गाव वसलेल्या जागेला पांढरी म्हणण्याची पद्धत आहे. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांच्या छपरावर पांढरी माती चोपून बसवली जाते. छतासाठी पांढरी माती व अंगणासाठी मुरूम ही निवड पदार्थांच्या गुणधर्मांना धरून आहे. छतावर पाणी झिरपू न देणारा थर लागतो, तर अंगणात ओले झाल्यावरही पायाखाली न सरकणारा थर लागतो.

## भूशास्त्रीय पार्श्वभूमी

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग दख्खन ट्रॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेसाल्टच्या थरांनी व्यापलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास झालेल्या लाव्हारसाच्या उद्रेकांतून हे थर तयार झाले. आज त्यांचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. बेसाल्टमधील भेगांतून पाणी आत शिरते आणि त्यातील फेल्स्पार व पायरोक्सिन ही खनिजे हळूहळू बदलत जातात. खडकाचे ठोकळे कडांकडून कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटू लागतात. या सुटलेल्या पापुद्र्यांचा व खड्यांचा थर म्हणजे मुरूम. विघटन आणखी पुढे गेले की स्मेक्टाइट गटातील चिकण खनिजे वाढतात व काळी माती तयार होते. म्हणजे एकाच खडकापासून वर काळी माती व तिच्या खाली मुरूम असे दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे पदार्थ मिळतात.

ग्रॅनाइटच्या विघटनात असे घडत नाही. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ हे खनिज भरपूर असते व ते हवापाण्याने सहसा कुजत नाही. फेल्स्पारचे केओलिनसारख्या चिकण खनिजात रूपांतर झाले तरी क्वार्ट्झचे टोकदार, कठीण दाणे तसेच राहतात. त्यामुळे ग्रॅनाइटी मुरूम वर्षानुवर्षे खरखरीत राहतो. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसल्याने बेसाल्टी मुरुमाचा खडा स्वतःच मऊ असतो. तो पायाखाली व चाकाखाली चुरडून त्याचे पीठ होते. उन्हाळ्यात त्याची धूळ उडते आणि पावसाळ्यात त्याची राड होते. यामुळेच बेसाल्टी मुरुमाच्या अंगणाला दरवर्षी थोडा नवा मुरूम द्यावा लागतो.

महाराष्ट्रात ग्रॅनाइटी मुरूम अगदीच नाही असे नाही. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर व बिलोली भागात दख्खन ट्रॅपची सीमा संपून जुने ग्रॅनाइटी खडक उघडे पडतात. तेथून पूर्वेकडे तेलंगणात हाच मुरूम सर्रास वापरात आहे.

## वालूर परिसर

वालूर हे परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील गाव गोदावरी खोऱ्यातील काळ्या मातीच्या प्रदेशात वसलेले आहे. चक्राकार पायऱ्या असलेल्या दगडी बारवेसाठी ते ओळखले जाते. परभणी जिल्ह्यात वर्षाला साधारणतः ८०० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. कोकणाच्या तुलनेत हा पाऊस थोडा असला, तरी काळी माती पाणी सावकाश सोडत असल्याने एका जोरदार सरीनंतर अंगण व वाटा अनेक दिवस चिखलाच्या राहू शकतात.

काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी घेऊन फुगते आणि वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तर पावसाळ्यात हीच जमीन वर उचलली जाते. घराच्या एका बाजूची माती ओली व दुसऱ्या बाजूची कोरडी राहिल्यास पाया असमान उचलला जाऊन भिंतींना तडे जातात. म्हणून या प्रदेशात अंगणाचा निचरा हा घराच्या पायाच्या सुरक्षिततेचाही भाग ठरतो.

काळ्या मातीवर बांधकाम करताना न फुगणाऱ्या पण चिवट मातीचा थर मध्ये द्यावा, या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी केला. कालव्यांच्या अस्तराखाली असा थर देण्यासाठी थोडी चिकणमाती असलेला मुरूम उपयोगी पडतो. तेथे थराची जाडी मीटरभरापर्यंतही ठेवावी लागते. अंगणातील वीतभर मुरुमाने काळ्या मातीचे फुगणे थांबत नाही. असा थर फक्त हालचाल सहन करतो व तडा न जाता पुन्हा चोपून सारखा करता येतो. पातळ सिमेंट काँक्रीटचा कोबा अशा जमिनीवर लवकर फुटतो, तो याच कारणाने.

## मुरुमाची निवड

चांगल्या मुरुमात जाड खडा, मध्यम रेती व बारीक भुकटी यांचे प्रमाण असे असते की मोठ्या कणांमधील पोकळ्या लहान कणांनी भरून निघतात. भुकटी फार कमी असल्यास थर पायाखाली सरकतो. फार जास्त असल्यास तो ओला होताच निसरडा होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांत खडीकरणात भर म्हणून वापरायच्या मुरुमाची द्रवता सीमा २० पेक्षा कमी, आकार्यता निर्देशांक ६ पेक्षा कमी आणि ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचे प्रमाण १० टक्क्यांच्या आत असावे, असे सांगितले आहे. आकार्यता निर्देशांक म्हणजे माती किती चिकट आहे याचे माप; तो जितका मोठा तितकी माती पाण्याने अधिक मऊ पडते. अंगणाच्या खालच्या थरासाठी या मर्यादा योग्य आहेत. वरच्या थराला वर खडी नसल्याने तो स्वतःच बांधून राहावा लागतो. त्यात किंचित अधिक भुकटी चालते.

प्रयोगशाळा उपलब्ध नसल्यास पुढील साध्या चाचण्या केल्या जातात.

- बरणीची चाचणी : काचेच्या बरणीत एकतृतीयांश मुरूम व उरलेले पाणी घालून ती हलवून ठेवतात. खडा व रेती लगेच तळाशी बसते. पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहिले व वर चिकणमातीचा जाड थर दिसला, तर मुरूम वरच्या थरासाठी अयोग्य समजला जातो.
- वळीची चाचणी : मुरुमातील बारीक भाग चाळून, ओला करून तळहातावर वळतात. त्याची सुमारे ३ मिलिमीटर जाडीची लांब, न तुटणारी वळी सहज होत असल्यास चिकणमाती जास्त आहे असे मानतात.
- चुरडण्याची चाचणी : खडा बोटांनी दाबून पाहतात. बोटांतच पीठ होणारा खडा पावसाळ्यात टिकत नाही.

खाणीच्या अगदी वरच्या भागातील मुरुमात काळी माती मिसळलेली असते. शेततळे, विहीर किंवा घराचा पाया खोदताना निघालेला मुरूम वापरायचा असल्यास वरची माती वेगळी काढून ठेवणे आवश्यक असते.

## अंगणाची बांधणी

### आखणी आणि उतार

काम उन्हाळ्यात, मृग नक्षत्र लागण्यापूर्वी पुरेसा अवधी ठेवून हाती घेतले जाते. आधी पाणी कोणत्या बाजूने बाहेर जाणार हे ठरवतात. पाण्याच्या पारदर्शक नळीने किंवा पाणसळीने पातळी घेऊन दोरी बांधतात. घरापासून बाहेरच्या दिशेने ५० फुटांना १ फूट, म्हणजे २ टक्के उतार सर्वसाधारणपणे योग्य असतो. २० फूट रुंद अंगणात दोन टोकांच्या पातळीत यामुळे सुमारे पावणेपाच इंचांचा फरक पडतो. उतार याहून फार कमी असल्यास लहान खळग्यांत पाणी थांबते. तो ४ टक्क्यांच्या पुढे गेल्यास वाहत्या पाण्याने घळी पडू लागतात.

### तळाची तयारी

झाडांची मुळे, हरळी व वरची सैल काळी माती काढून टाकतात. काळ्या मातीत खोदलेला सपाट खड्डा मुरुमाने भरला, तर तो पाण्याच्या टाकीसारखा वागतो. मुरुमातून झिरपलेले पाणी खालच्या घट्ट मातीवर अडते, ती माती मऊ पडते आणि वरचा थर चालताना दबू लागतो. हा दोष वरून दिसत नाही व नंतर दुरुस्त करणे कठीण असते. म्हणून पृष्ठभागाइतकाच उतार तळालाही दिला जातो आणि खालच्या कडेला पाणी बाहेर पडण्यासाठी खडी भरलेली चर ठेवली जाते.

तळ किंचित ओला करून धुमसल्यावर त्यावर मातीकामासाठी मिळणारे न विणलेले जिओटेक्स्टाइल कापड अंथरल्यास मुरूम काळ्या मातीत रुतत नाही व काळी मातीही वर येत नाही, पाणी मात्र आरपार जाते. कापडाऐवजी तळाच्या मातीत वजनाच्या ३ ते ५ टक्के कळीचा चुना विरवून मिसळण्याचा पर्यायही आहे. चुन्यामुळे काळ्या मातीचा चिकटपणा व फुगणे कमी होते. प्लॅस्टिकचा कागद मात्र वापरला जात नाही, कारण तो पाणी अडवून वरचा थर ओला ठेवतो.

### कडा

मुरुमाचा थर बाजूला पसरू नये म्हणून कडेने घडीव दगड, उभ्या विटा किंवा शहाबादी फरशीच्या पट्ट्या रोवतात. पाणी ज्या बाजूला वाहते, त्या बाजूची कडा पृष्ठभागाच्या वर येऊ दिली जात नाही. आली तर तीच बांधाचे काम करते. त्या कडेत ठरावीक अंतरावर फटी ठेवणेही उपयुक्त ठरते.

### थर अंथरणे आणि धुमसणे

मुरूम एकाच वेळी सगळा न टाकता थराथराने टाकतात. सैल थराची जाडी सुमारे ४ इंच ठेवली, तर धुमसल्यानंतर तो साधारण ३ इंचांचा होतो. खालच्या दोन थरांसाठी जाडा मुरूम आणि वरच्या थरासाठी सुमारे १० मिलिमीटरच्या चाळणीतून चाळलेला बारीक मुरूम घेतात.

धुमसताना मुरुमातील ओलावा योग्य असणे महत्त्वाचे असते. ओलावा वाढत जातो तसा थर एका मर्यादेपर्यंत अधिकाधिक घट्ट बसतो व त्यापुढे पुन्हा सैल होत जातो, हे अमेरिकन अभियंता आर. आर. प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले. कामाच्या जागी हा ओलावा हाताने ओळखतात. मूठभर मुरूम दाबल्यावर गोळा व्हावा, कंबरेच्या उंचीवरून टाकल्यावर त्याचे दोनतीन तुकडे व्हावेत आणि तळहाताला चिखल लागू नये. गोळाच न झाल्यास पाणी कमी आहे. गोळा जमिनीवर चपटा झाल्यास ते जास्त आहे.

लहान अंगणासाठी हाताची धुमस व चोपणे पुरेसे असते. मोठ्या अंगणासाठी हातरोलर किंवा कंपनपट्ट यंत्र वापरतात. काम कडेकडून मध्याकडे नेतात. शेवटच्या थरावर हलके पाणी शिंपडून तो रात्रभर मुरू देतात व सकाळी पुन्हा दाबतात. त्यानंतर काही दिवस त्यावर वाहन नेत नाहीत.

### साहित्याचा हिशेब

महाराष्ट्रात मुरूम ब्रासने मोजला जातो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. २० फूट × २५ फूट, म्हणजे ५०० चौरस फुटांच्या अंगणात धुमसल्यानंतर ६ इंच जाडा व ३ इंच बारीक मुरूम ठेवायचा असल्यास एकूण ३७५ घनफूट, म्हणजे पावणेचार ब्रास घट्ट मुरूम लागतो. सैल मुरूम दबून कमी होत असल्याने प्रत्यक्षात पाव ते एकतृतीयांश जादा, म्हणजे पावणेपाच ते पाच ब्रास मुरूम मागवावा लागतो. ६ इंच माती काढून ९ इंच थर दिल्यास अंगण आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ३ इंच उंच राहते. सखल भागातील घरांसाठी ही उंची आवश्यक मानली जाते.

## पावसाच्या पाण्याची व्यवस्था

अंगणाचे सर्वाधिक नुकसान बहुधा छपरावरून पडणाऱ्या पाण्याने होते. भारतीय हवामान विभाग २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाल्यास त्याला जोरदार पाऊस म्हणतो. ५०० चौरस फुटांच्या छतावर एवढा पाऊस पडल्यास सुमारे ३,००० लिटर पाणी जमते. ते वळचणीच्या एका ओळीत मुरुमावर पडले, तर पागोळ्यांखाली खड्ड्यांची रांग तयार होते. यावर दोन उपाय केले जातात. पहिला म्हणजे पन्हळ लावून पाणी नळाने हौदात किंवा पुनर्भरणाच्या खड्ड्यात नेणे. दुसरा म्हणजे पागोळ्या पडतात त्या ओळीत दीड ते दोन फूट रुंदीची फरशी किंवा गोट्यांची पट्टी बसवणे. काळ्या मातीत भिंतीलगत पाणी मुरणे घातक असल्याने ही पट्टी पक्की व बाहेरच्या बाजूला उतरती ठेवतात.

लांबट अंगणात पाण्याचा वेग वाढू नये म्हणून मध्ये आडव्या दगडी पट्ट्या पृष्ठभागाच्या पातळीत बसवतात. शेजारच्या शेतातून किंवा रस्त्यावरून येणारे पाणी अंगणात शिरण्यापूर्वीच चर खणून वळवले जाते.

अंगणाबाहेर काढलेले पाणी शोषखड्ड्यात सोडायचे असल्यास खड्ड्याची खोली महत्त्वाची ठरते. काळ्या मातीतच संपणारा खड्डा लवकर तुंबतो. तो खालच्या मुरुमाच्या थरापर्यंत न्यावा लागतो. विहिरी व बारवांना पाणी पुरवणारे भूजल या विघटित थरात व त्याखालच्या भेगाळ खडकात साठलेले असते. अंगण पूर्णपणे काँक्रीटने झाकल्यास पाणी मुरण्याऐवजी रस्त्यावर वाहते. मुरुमाचा घट्ट पृष्ठभागही बरेच पाणी वाहून जाऊ देतो. त्यामुळे पुनर्भरणाचा खरा लाभ कडेची चर व शोषखड्डा यांतूनच मिळतो.

## देखभाल

मुरुमाच्या अंगणाची देखभाल ऋतुमानानुसार केली जाते.

पावसाळ्यापूर्वी : चरी, पन्हळ व कडेच्या फटी मोकळ्या करतात. खळगे ओळखण्यासाठी अंगणावर पाणी ओतून ते कोठे थांबते हे पाहतात. उन्हाळ्यात साचलेली धूळ झाडून काढतात, कारण पहिल्या सरीबरोबर तिचा चिखल होतो.

पावसाळ्यात : ओल्या अंगणावर ट्रॅक्टर, बैलगाडी व मोटारगाडी आणणे टाळतात. चिखल झालेल्या जागेवर वरून कोरडा मुरूम टाकल्यास तो चिखलात मिसळून वाया जातो. आधी राड खरवडून काढतात, उघडीप मिळाल्यावर तळ सुकू देतात आणि मगच भर घालतात. हरळी, लव्हाळा व गाजरगवत लहान असतानाच मुळासकट उपटतात. लव्हाळ्याची गाठ जमिनीत राहिल्यास ते पुन्हा फुटते.

पावसाळ्यानंतर : वर्षातील मुख्य दुरुस्ती दसरा-दिवाळीच्या सुमारास होते. जमिनीत ओल असल्याने तेव्हा मुरूम चांगला दबतो. पृष्ठभाग अर्धा ते एक इंच खरवडून सैल करतात, त्यावर सुमारे अर्धा इंच नवा चाळलेला मुरूम पसरतात व पाणी शिंपडून धुमसतात. खरवडल्याशिवाय टाकलेला नवा थर जुन्या थराला धरत नाही आणि पापुद्र्यासारखा सुटतो. ५०० चौरस फुटांच्या अंगणाला अर्धा इंच थरासाठी सुमारे २१ घनफूट, म्हणजे ब्रासच्या पाचव्या हिश्शाएवढा मुरूम लागतो.

हिवाळा व उन्हाळ्यात : रोजच्या सड्याने धूळ बसते व बारीक कण जागेवर राहतात. शेणाने सारवल्यास शेणातील तंतूंमुळे वरचा पातळ थर बांधला जातो आणि धान्य, पापड, कुरडया वाळवण्यास स्वच्छ जागा मिळते. सारवण जोरदार पावसात धुऊन जात असल्याने ते मुख्यतः कोरड्या ऋतूसाठी उपयोगी आहे.

### नेहमीचे दोष आणि उपाय

- खड्डा : खड्ड्याच्या कडा उभ्या व चौकोनी कापून तळ खरवडतात, ओला करतात आणि थराथराने भरून धुमसतात. भर सभोवतालपेक्षा किंचित उंच ठेवतात.
- घळी : केवळ बुजवल्यास त्या पुन्हा पडतात. वरून येणारे पाणी आधी वळवावे लागते.
- पायाखाली दबणारी, स्पंजासारखी जागा : खालची काळी माती मऊ झाल्याची ही खूण आहे. तेवढा भाग तळापर्यंत उकरून निचऱ्याची वाट करून देतात.
- सुटा खडा वर येणे : बारीक कण धुऊन गेल्याचे हे लक्षण आहे. चाळलेला बारीक मुरूम झाडूने पसरून, ओला करून दाबतात.
- शेवाळ : दाट सावली व संथ निचरा असलेल्या जागी पृष्ठभाग निसरडा होतो. फांद्या छाटून ऊन येऊ देणे व वरचा थर खरवडणे हे उपाय आहेत.

## बंधक पदार्थ

कुजलेल्या ग्रॅनाइटच्या अंगणात अमेरिकेत इसबगोलाच्या भुकटीपासून केलेला वनस्पतिजन्य बंधक मिसळण्याची पद्धत आहे. इसबगोल पाण्यात फुगून बुळबुळीत होतो व कणांना धरून ठेवतो. वाळल्यावर थर कडक होतो. इसबगोलाचे पीक भारतात गुजरात व राजस्थानात मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. भारतात मुरुमासाठी चुना व सिमेंट हे बंधक अधिक परिचित आहेत. सिमेंट मिसळलेला थर कठीण होतो, परंतु काळ्या मातीच्या हालचालीने त्याला तडे जातात व तो पुन्हा चोपून जोडता येत नाही. चिकणमाती जास्त असलेल्या मुरुमाला चुना मानवतो. कोणताही बंधक निचऱ्याची जागा घेऊ शकत नाही. सतत ओला राहणारा थर बंधक असूनही मऊ पडतो.

## इतर प्रदेशांतील पद्धती

कोकणात पाऊस मराठवाड्याच्या तुलनेत कित्येक पट असल्याने मातीचे अंगण पावसाळ्यात टिकवण्याचा प्रयत्न पूर्वी फारसा केला जात नसे. सिंधुदुर्गात अंगणाला खळे म्हणतात. पावसाळा संपल्यावर ते दरवर्षी नव्याने चोपून सारवले जाते. आता अनेक ठिकाणी जांभ्या दगडाची फरसबंदी केलेली दिसते.

जपानमध्ये कुजलेल्या ग्रॅनाइटच्या मातीला मासादो म्हणतात. बागेतील वाटा व शाळांची मैदाने यांसाठी ती वापरतात. हीच माती डोंगरउतारावर पाण्याने भरल्यावर मात्र एकसंध राहत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये हिरोशिमा येथे अतिवृष्टीनंतर अशा मातीचे उतार कोसळून ७० हून अधिक लोकांचा मृत्यू झाला. त्यामुळे तीव्र उतारावर घर असल्यास अंगणाचे पाणी उताराच्या कडेवरून मोकळे न सोडता बांधीव मार्गाने खाली नेले जाते.

## कायदेशीर आणि पर्यावरणीय बाजू

मुरूम हे गौण खनिज आहे. खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ च्या कलम १५ नुसार गौण खनिजांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. महाराष्ट्रात त्यासाठी २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) मध्ये विनापरवाना उत्खनन व वाहतुकीसाठी दंडाची तरतूद आहे. विकत घेतलेल्या मुरुमासोबत वाहतुकीचा परवाना असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

माळ व टेकड्या पोखरून मुरूम काढल्यास तेथील गवताळ आच्छादन नष्ट होते, पाणी मुरण्याची जागा जाते व उघड्या कडांची धूप होते. वर्षाला अर्धा इंच थराने भागवता येणारे अंगण निचऱ्याअभावी दर दोनतीन वर्षांनी पूर्ण नव्याने भरावे लागल्यास मुरुमाची गरज कितीतरी वाढते. उतार, चर व वेळेवर दुरुस्ती यांमुळे घरमालकाचा खर्च वाचतो, तसेच गावाच्या माळावरील उत्खननही मर्यादित राहते.

## हेही पाहा

- काळी माती
- दख्खन ट्रॅप
- जांभा
- बारव
- शोषखड्डा
- माळवद